ओटा कोपराच्या मापाने, कपाट हाताच्या मापाने: गोव्यातल्या घरासाठी स्वयंपाकघराची मांडणी

माझ्या सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच, माझी पाच चार. डिचोलीच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा मॉड्युलर किचन बसवलं तेव्हा मापं घ्यायला आलेल्या माणसाने आम्हा दोघींकडे वर मान करून बघितलंसुद्धा नाही. भिंतीला टेप लावली, ओट्याला ३६ इंचांची खूण केली, वरच्या कपाटांना आणखी एक रेघ ओढली. मी विचारलं तर म्हणाला, "वयनी, सगळेकडेन हीच हायट आसता." आठ दिवसांत सासूबाईंनी आदोळी (विळी) परत जमिनीवर घेतली आणि पाटावर बसून भाजी चिरायला लागल्या. नव्याकोऱ्या ग्रॅनाइटवर दिवसभर वर्तमानपत्र पडून असायचं.

पुढे साखळी गावातल्या जुन्या घरात राहायला आलो तेव्हा रांदचेकूड, म्हणजे स्वयंपाकघर, पहिल्यापासून करायची संधी मिळाली. या वेळी मेस्ताला (सुताराला) बोलावण्याआधी आम्हीच मापं घेतली. तीच पद्धत इथे सांगते. सुतार, मॉड्युलरवाला किंवा इंटिरियरवाला, कोणाकडूनही काम करून घ्या. ही मापं तुमच्या हातात हवीत.

आधी आठवडाभर फक्त बघा

फ्रिजवर एक कागद चिकटवा. आठ दिवस कोणती वस्तू किती वेळा उचलली याच्या रेघा मारा. कोण उचलतं तेही लिहा. आमच्याकडे पहिल्या तीन दिवसांतच चित्र स्पष्ट झालं: मिक्सर दिवसाला चार वेळा, नारळ खवणं दोनदा, चहाचं भांडं अगणित, भाताचा टोप दोनदा, इडलीपात्र आठवड्यातून एकदा. आणि ज्याच्यासाठी पहिल्या घरी सर्वांत सोयीचा खण दिला होता तो डिनर सेट? शून्य.

गोव्याच्या घरात या कागदावर काही गोष्टी ठरलेल्या असतात. रोज हुमण (माशांची आमटी) म्हणजे रोज वाटप, म्हणजे मिक्सर कधी कपाटात जाणारच नाही. उकड्या तांदळांचा मोठा डबा असतो. मे महिन्यात पुरुमेंताची भर पडते: सुकी सुंगटं (कोळंबी), सुके बांगडे, सोलां (आमसुलं), मिरच्या, चिंच. पावसाळ्याची बेगमी म्हणून हा माल घरात भरला की जागा एकदम कमी पडते. मग चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माळ्यावरचे मोठे टोप आणि पितळी भांडी खाली येतात. तुमच्या कपाटांत रोजचं, हंगामी आणि वर्षातून एकदाचं असे तीन वेगळे संसार राहणार आहेत. त्यांना एकाच खणात कोंबलं की रोजच्या चहाच्या डब्यासाठी सुक्या मासळीची बरणी सरकवावी लागते.

कोपर मोजा

जो रोज उभं राहून स्वयंपाक करतो त्याने घरात घालायच्या चपलांसह भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. हात कोपरात काटकोनात दुमडायचा. दुसऱ्याने जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. पाच फुटांच्या बाईचं कोपर साधारण ३८ इंचांवर येतं, पाच चारचं साधारण ४० वर. चिरण्याचा ओटा या मापापेक्षा ४ ते ६ इंच खाली हवा. म्हणजे पाच फुटांना ३२ ते ३४, पाच चारला ३४ ते ३६. पीठ मळायला जोर लावावा लागतो, त्यामुळे ते त्याहून थोडं खाली बरं वाटतं.

पण आकड्यावर भरवसा ठेवून थांबू नका. जेवणाचं टेबल बहुतेक घरांत ३० इंचांचं असतं. त्यावर पुस्तकांचे गठ्ठे ठेवा, वर एखादी जुनी फळी टाका आणि ३२, ३४, ३६ इंच करून बघा. नुसतं उभं राहून काही कळत नाही. पाव किलो कांदा चिरा, चपात्यांची कणीक मळा, दहा मिनिटं काम करा. खांदे वर चढले तर ओटा उंच आहे. कंबर भरून आली तर बुटका. मला ३५ वर बरं वाटेल असं वाटत होतं, पण कणीक मळताना ३४ ठरलं. एका इंचाने काय होतं असं कोणी म्हणालं तर त्याला रोज पंधरा चपात्यांची कणीक मळायला सांगा.

गॅस, चिरणं आणि सिंक: तीन कामं, तीन उंच्या

कॅटलॉगवाले ओटा एकसारखा सरळ दाखवतात, कारण तो फोटोत छान दिसतो. पण खरं काम तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या पातळीवर होतं.

ओट्यावर ठेवायची गॅसची शेगडी स्वतःच सुमारे ४ इंच उंच असते. ३४ इंचांच्या ओट्यावर शेगडी, तिच्यावर ८ इंच खोल टोप म्हटलं की टोपाचा काठ ४६ इंचांवर गेला. पाच फुटांच्या बाईचा खांदा साधारण ४९ वर. तिने त्या टोपात डाव फिरवायचा म्हणजे कोपर वर उचलून, वाफ तोंडावर घेत. उकड्या तांदळाची पेज ढवळणाऱ्या बायकांचा उजवा खांदा का दुखतो, ते इथेच कळतं.

उपाय दोन. शेगडी ठेवायची तेवढी जागा ४ इंच खाली घ्या, आमच्याकडे ती ३० वर आहे. किंवा ओट्यात बसवायची हॉब घ्या, म्हणजे ओटा एकसारखा राहील आणि शेगडीची बरीच उंची आपोआप वाचेल. ओटा खाली घेतलात तर त्या पायरीच्या कोपऱ्यात तेल आणि पाणी साचतं, म्हणून ग्रॅनाइटचा सांधा नीट भरून घ्या आणि तिथली कड गोल करून घ्या. आम्ही पायरी केली; सांधा पुसायला महिन्यातून एकदा जुना टूथब्रश लागतो, एवढी किंमत परवडते.

सिंकचं उलटं आहे. तिथे हात ओट्यावर नव्हे तर भांड्याच्या तळाशी काम करतात. ३४ इंचांचा ओटा आणि ८ इंच खोल सिंक म्हणजे हात २६ वर. १० इंच खोल सिंक घेतली तर आणखी दोन इंच वाकायचं. मोठ्या टोपांसाठी खोल सिंक हवी असं सगळे सांगतात, मला पटत नाही. खोलीपेक्षा रुंदी बघा: २४ बाय १८ इंचांच्या सिंकमध्ये टोप आडवा फिरवून धुता येतो. जमलं तर सिंकची बाजू एक-दोन इंच वर घ्या, नाही जमलं तर खोली ८ वर थांबवा. ताजी मासळी साफ करायला आमच्याकडे मागीलदारी वेगळा दगड आणि नळ आहे. फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीत छोटी सिंक बसवता आली तर खवले आणि वास दोन्ही घराबाहेर राहतात.

दोन वेगळ्या उंचीच्या माणसांचा प्रश्न राहतोच. सासूबाई आता उभ्या राहून चिरणार नव्हत्या, आणि पाटावरून उठताना त्यांचे गुडघे कुरकुरत होते. म्हणून ओट्याच्या शेवटच्या टोकाला, खण असतो तशी बाहेर ओढायची जाड फळी केली, जमिनीपासून २८ इंचांवर. खाली गुडघ्यांसाठी जागा मोकळी. कडेला अडकवायची नारळाची खवणी तिथे लागते. सकाळी खुर्ची ओढून बसतात, खवतात, उठताना फळी आत ढकलतात. मेस्त आधी हसला होता. नंतर स्वतःच्या घरी तशीच केली, हे त्यानेच सांगितलं.

वरची कपाटं: हात पोचतो तिथेच थांबा

खालचा ओटा साधारण २४ इंच खोल, वरचं कपाट १२ ते १४ इंच. तुम्ही ओट्याच्या अलीकडे उभे, म्हणजे हात पुढे वाकून वर जायला हवा. म्हणून भिंतीला चिकटून किती वर पोचतं हे माप इथे चालत नाही. टेबल भिंतीला लावा, त्याच्यापुढे उभे राहा आणि टाचा न उचलता भरलेला साखरेचा डबा धरून भिंतीवर जिथे सहज टेकतो तिथे रंगीत टेप चिकटवा. हा तुमच्या रोजच्या फळीचा वरचा पट्टा. त्याच्यावर रोजची एकही वस्तू जाता कामा नये.

ओटा आणि वरच्या कपाटात बहुतेक लोक १८ इंच मोकळे सोडतात. आमच्यासारख्या वाटपवाल्या घराला ते कमी पडतात. मोठ्या जारसकट मिक्सर जवळजवळ तेवढाच उंच होतो, आणि झाकण वर उचलायला जागाच उरत नाही. मग दर वेळी मिक्सर पुढे ओढायचा, वाटायचं, परत मागे ढकलायचा. २० ते २२ इंच ठेवा. तुमचा मिक्सर टेबलावर ठेवून झाकण उघडून मोजलंत तर उत्तमच. शेगडी आणि चिमणी यांच्यातलं अंतर मात्र चिमणीच्या पत्रकात दिलंय तेच पाळा. बहुतेक २६ ते ३० इंच असतं.

आता एक गंमत. वर उघडणारे हायड्रॉलिक दरवाजे दिसायला झकास. पण बुटक्या माणसाने तो उघडला की मूठ छताकडे जाते आणि मग तो बंद कसा करायचा? ओळखीच्या एका घरात मुठीला नाडी बांधलेली पाहिली, चांगली लाल नाडी, खाली गाठ. बाजूला उघडणारे साधे दरवाजे घ्या. रोजच्या चहा, साखर, मीठ, हिंगासाठी तर दरवाजाच नको, ओट्याच्या वर १५-१६ इंचांवर सहा इंच रुंदीची उघडी फळी पुरते. मसाले गॅसच्या थेट वर ठेवू नका, वाफेने गुठळ्या होतात.

वरच्या खणांत माळ्यासारखं जे करायचं ते फक्त चवथीच्या भांड्यांसाठी. आणि त्यासाठी घरात पक्की दोन पायऱ्यांची शिडी हवी. प्लास्टिकच्या स्टुलावर चढून पितळी टोप काढायचा बेत करू नका.

खाली खण, फळ्या नव्हे

जुन्या पद्धतीत ओट्याखाली दरवाजे आणि आत फळ्या असायच्या. मागची भांडी काढायला जमिनीवर बसून हात घालावा लागायचा. सगळ्यांत जास्त फायदा जर कुठे झाला असेल तर तो खणांनी झाला. पूर्ण बाहेर येणाऱ्या ट्रॅकवर खण घ्या. ट्रॅकवर किती वजन पेलतो ते लिहिलेलं असतं. दहा किलो तांदूळ आणि पितळी भांडी ठेवणार असाल तर सर्वांत हलका ट्रॅक घेऊ नका.

खणांची उंची भांडी मोजून ठरवा. चमचे-डाव ४ ते ६ इंच, ताटं-वाट्या ८ ते १०, टोप आणि कुकर १२ ते १५. डाव-चमच्यांचा खण गॅसच्या अगदी शेजारी, ताटांचा सिंकच्या जवळ, म्हणजे धुतलं की तिथेच. तांदळांचा डबा सर्वांत खाली, कारण जड वस्तू वरून खाली काढायला नको.

१८ मिलिमीटर प्लायची फळी अडीच-तीन फुटांपेक्षा लांब ठेवली आणि वर स्टीलचे भरलेले डबे रचले की दोन वर्षांत मध्ये झोळ येतो. मध्ये उभी आडभिंत द्या.

कोपऱ्यातल्या आंधळ्या कपाटासाठी फिरत्या ट्रे विकतात. महाग असतात, आणि आत ठेवलेला डबा घसरून मागे पडला की सगळं उघडावं लागतं. आमच्या कोपऱ्यात दरवाजा आहे आणि आत चवथीचा सगळा संसार. वर्षातून एकदा वाकायला हरकत नाही.

सिलिंडर

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, लोखंडासकट वजन ३० किलोच्या आसपास. ते खणात किंवा तळ असलेल्या कपाटात उचलून ठेवायचा प्रश्नच नाही. तिथे तळाला फळी नको, सिलिंडर थेट जमिनीवर किंवा चाकांच्या स्टँडवर उभा हवा. आतून २८ इंच उंची आणि १६ इंच रुंदी सोडा, म्हणजे रेग्युलेटर फिरवायला हात जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो, म्हणून दरवाजाला जाळी खालच्या बाजूला हवी. फक्त वर जाळी दिली तर उपयोग नाही. नळी कपाटाच्या कडांवर घासणार नाही असं छिद्र पाडून घ्या, आणि नळीवरची तारीख दिसेल अशी ठेवा. सुरक्षा नळी पाच वर्षांत बदलायची असते.

पाऊस, चिरा आणि वाळवी

इथे बंगळुरू-पुण्याचे सल्ले बाजूला ठेवावे लागतात. जून ते सप्टेंबर आपल्या भिंती ओल्या असतात, आणि पश्चिमेकडच्या भिंतीवर पावसाचा मारा थेट. त्या भिंतीला लागून कपाट करणं टाळता आलं तर टाळा. नाही तर कपाटाची मागची फळी आणि भिंत यांच्यात अर्धा-एक इंच हवा खेळू द्या. भिंतीला चिकटवलेली मागची फळी पहिल्याच पावसात काळी पडते, आणि ते आपल्याला कळतं आतल्या डब्यांना वास आल्यावर.

फ्लॅटमधल्या पहिल्या किचनचं आम्हाला हेच भोवलं. तिसऱ्या पावसात सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगून वर आला, कडेची पट्टी सुटली, आत भुशासारखं काही हाताला लागलं. ते पार्टिकल बोर्ड होतं. दुकानदाराने 'वॉटरप्रूफ' म्हणून दिलेलं. सिंकखाली पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ कोणत्याही नावाने विकलं तरी घेऊ नका. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या आणि शिक्का प्लायवर स्वतः बघा, बिलावर नव्हे. मरीन प्लायचीसुद्धा कापलेली प्रत्येक कड बंद हवी, पाइपसाठी पाडलेल्या छिद्रांच्या कडाही. पाणी तिथूनच शिरतं. सिंकखाली ॲल्युमिनियम किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकूड-प्लास्टिक मिसळलेल्या बोर्डाचं) कपाट केलं तर त्याहून निर्धास्त.

समुद्राजवळ राहत असाल तर क्रोमच्या तारेच्या टोपल्या एका वर्षात गंजायला लागतात. ३०४ प्रतीचं स्टील घ्या. त्यावरही खाऱ्या हवेने तपकिरी डाग येतात, पण पुसले की जातात.

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत वेगळीच बाब आहे. चिरा सच्छिद्र असतो, काही ठिकाणी भुसभुशीत, आणि जुन्या घरांत सांधे मातीचे. सिमेंटच्या भिंतीला चालणारा साधा प्लग इथे ताटांच्या वजनाने हळूहळू सैल होतो. आमच्या मेस्ताने प्रत्येक कपाट स्वतंत्र न टांगता भिंतीवर एक लांब लोखंडी पट्टी ठोकली, तिला बरेच लांब स्क्रू दिले आणि कपाटं त्या पट्टीला अडकवली. वजन सगळीकडे वाटलं जातं. ड्रिल मारताना लाल भुसा सुटत राहिला आणि बिट अचानक आत घुसली, तर ती जागा सोडा. तिथे कपाटाऐवजी उघडी हलकी फळीच चांगली.

वाळवीसाठी तळमजल्यावर कपाटं बसवण्याआधीच जमिनीला आणि भिंतीच्या पायथ्याला औषध मारून घ्या. कपाटं जमिनीला टेकवू नका. ४ ते ६ इंचांच्या प्लास्टिकच्या पायांवर उभी करा. पुढची पट्टी चिकटवलेली नको, क्लिपवर काढता येणारी हवी. महिन्यातून एकदा काढून टॉर्चने बघायचं: मातीच्या बारीक नळ्या दिसल्या की समजायचं. याच पट्टीमुळे पावलं आत जायला तीन इंच जागा मिळते आणि ओट्याला टेकून उभं राहता येतं.

पावसाळ्यात साठवणीचं मात्र काही मापाने सुटत नाही. पापड, सोलां, सुकी मासळी काचेच्या घट्ट बरण्यांत, आणि त्या ओल्या भिंतीपासून दूर, फ्रिजच्या शेजारच्या कपाटात. फ्रिजची ऊब तिथे पोचते. सुक्या मासळीला एक वेगळा खण द्याच, दरवाजा घट्ट लागणारा. तिचा वास चहाच्या पुडीला लागला की सकाळ बिघडते.

मेस्ताला कागद द्या, तोंडी सांगू नका

चौकटीच्या वहीचं पान घ्या, एक चौकट म्हणजे तीन इंच. समोरून दिसणारी भिंत काढा आणि प्रत्येक रेघेला जमिनीपासूनची उंची लिहा, "तयार फरशीपासून" असं स्पष्ट लिहून. हे शब्द महत्त्वाचे. कोब्यावरून मोजलं आणि नंतर फरशी बसली की ओटा दीड-दोन इंच बुटका होतो. मिक्सरचा प्लग, फ्रिजचा प्लग, पाण्याच्या फिल्टरची जागा त्याच कागदावर दाखवा. खणांच्या आत काय ठेवणार तेही लिहा: 'तांदूळ १० किलो', 'कुकर ५ लिटर'. मेस्ताला त्यावरून ट्रॅक कोणता लावायचा ते कळतं.

काम संपल्यावर शेवटचे पैसे देण्याआधी रिकाम्या कपाटांना पाहून खूश होऊ नका. खण वजनाने भरून बाहेर ओढा, खाली लवतो का बघा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली टॉर्च धरून पाइपचे सांधे बघा. मग घरातल्या सर्वांत बुटक्या माणसाला रोजच्या फळीवरून साखरेचा डबा काढायला सांगा. साखळीला सासूबाईंनी काढला, आणि झाकण उघडून म्हणाल्या, "साखर संपलीये गो."